नाव सोडा, बूड बघा

मागच्या अंकात कोवळ्या कांद्याच्या पातीवर मी चार ओळी लिहिल्या आणि त्यावर इतकी पत्रे आली की या वेळची सगळी जागा त्यांनाच देते आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत, प्रश्न मात्र तुमचेच आहेत.

प्रश्न: ताई, माझ्याकडच्या तीन पुस्तकांत तीन नावे आहेत. एकात स्कॅलियन, दुसऱ्यात ग्रीन अनियन, तिसऱ्यात स्प्रिंग अनियन. चित्रे बघितली तर तिन्ही सारखीच. पातीचा कांदा आणायला गेले की कधी सरळसोट काड्या मिळतात, तर कधी बुडाशी चांगला गोल कांदा असतो. मी नेमके काय घ्यायचे?

उत्तर: नावांवर विसंबलात तर दर वेळी फसाल, कारण ही नावे देशागणिक बदलतात. अमेरिकेत स्कॅलियन आणि ग्रीन अनियन ही एकाच वस्तूची दोन नावे. ब्रिटनमध्ये तीच जुडी स्प्रिंग अनियन म्हणून विकली जाते. आयर्लंडमध्ये पुन्हा स्कॅलियन. इथवर ठीक आहे. पण अमेरिकेतल्या पुस्तकात स्प्रिंग अनियन लिहिले असेल, तर त्या लेखकाला बहुधा थोड्या मोठ्या वयाचा, बुडाशी गड्डा धरलेला कांदा हवा असतो. म्हणून पुस्तक कुठे छापले आहे ते आधी बघा. मी माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने देशाचे नाव लिहून ठेवले आहे. एवढ्या एका सवयीने माझे पुष्कळ पदार्थ वाचले आहेत.

त्यानंतर नाव सोडा आणि बूड बघा. जुडीतली एक काडी घ्या. मुळ्यांच्या लगेच वर अंगठा आणि तर्जनीची चिमूट धरा आणि ती हळूहळू पातीकडे सरकवत न्या. चिमूट तशीच्या तशी वर गेली, तर तो स्कॅलियन. बुडाशी बोटे उघडावी लागली आणि मानेशी पुन्हा मिटली, तर गड्डा धरायला लागलेला कांदा. माझ्या वर्गात मी यालाच स्प्रिंग अनियन म्हणते. गड्डा सुपारीएवढा असेपर्यंत त्याची पातही कोवळी असते. तो लिंबाच्या पुढे गेला की पात जून झालीच म्हणून समजा. मग कांदा वापरा, पात चाखून बघा आणि चिवट लागली तर सूपच्या पाण्याला चव यावी म्हणून त्यात उकळायला टाका.

बहुतेक वेळा ही एकाच झाडाची दोन वये असतात. कांद्याचा गड्डा म्हणजे पानांचीच बुडे, अन्न साठवून फुगलेली. दिवस ठरावीक लांबीचा झाला की झाड ही साठवण सुरू करते. काही वाणांना सुमारे 12 तासांचा दिवस पुरतो, काहींना 14 ते 16 तासांचा लागतो. त्याआधी उपटले तर हातात सरळ काडी येते, नंतर उपटले तर गड्डा.

एक जात मात्र अशी आहे, जी कितीही वाढू दिली तरी गोल गड्डा धरत नाही. तिला इंग्रजीत वेल्श अनियन किंवा बंचिंग अनियन म्हणतात. वेल्स देशाशी तिचा काही संबंध नाही. 'परका' अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून ते नाव आले आहे, आणि झाड मूळचे आशियातले. त्याचे शास्त्रीय नाव ॲलियम फिस्टुलोसम. 1753 साली लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेल्या या नावात 'नळीसारखे पोकळ' हा अर्थ आहे. आपल्या नेहमीच्या कांद्याचे नाव ॲलियम सेपा. आता तुम्ही म्हणाल, पात तर दोघांचीही पोकळ. तरीही ती ओळखता येते. पात फुटते तिथून चार बोटे वर धारदार सुरीने आडवी कापा आणि कापलेले तोंड स्वतःकडे धरून बघा. वेल्श अनियनचे तोंड बांगडीसारखे पूर्ण गोल दिसेल. नेहमीच्या कांद्याचे एका बाजूने दबलेले, अर्धचंद्राकडे झुकणारे असेल. जाड पातीच्या नळीतून कापताना पारदर्शक, बुळबुळीत रस ओघळतो. पुष्कळजणी तो पाहून पात सडली म्हणून टाकून देतात. तसे करू नका. तो पातीचा स्वतःचा रस आहे आणि शिजताना तो सूपला किंचित दाटपणा देतो. सडलेल्या पातीला वास येतो आणि ती वरूनही चिकट लागते.

स्वयंपाकाला या दोन जातींनी फार फरक पडत नाही. विकायला येणारी सरळ जुडी दोन्हींपैकी कुठलीही असू शकते आणि ऑम्लेटमध्ये ती सारखीच लागते. फरक पडतो तो वयाने. गड्डा धरला की तिखटपणा वाढतो आणि साखरही वाढते. म्हणून कच्चे खायचे असेल तर सरळ काडी घ्या. भाजायचे असेल तर गड्डावाला घ्या. तो मुळ्यांसकट उभा दुभागा, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. कापलेली बाजू गरम तव्यावर टेकवा आणि तीन-चार मिनिटे हात लावू नका. खालची बाजू तपकिरी होऊन गोडसर वास सुटला की मग उलटा.

प्रश्न: पाककृतीत 'चार स्कॅलियन, पांढरा आणि हिरवा भाग वेगळा चिरून' असे असते. पांढरा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो? आणि वेगळे केले नाही तर काय बिघडते?

उत्तर: बिघडते, आणि चांगलेच बिघडते. स्वयंपाक शिकायला लागले त्या दिवसांत मी सगळे एकत्र चिरून एकदमच तेलात टाकत असे. पांढरे तुकडे शिजेपर्यंत हिरव्याचा रंग उतरून तो मळकट व्हायचा आणि चव उकडलेल्या गवतासारखी यायची. मला वाटायचे, भाजीच शिळी मिळाली.

पांढरा भाग पांढरा असतो कारण तो मातीत होता. उजेड लागला नाही, हिरवा रंग धरला नाही. तो घट्ट असतो, तिखट असतो, त्याला आच सोसते. तेल तापले की तो आधी टाका, मिनिट-दीड मिनिट परता. गडद हिरवी पोकळ पात शेवटी, आच बंद करायच्या आधी अर्धा मिनिट. कच्ची पेरली तर आणखी छान. या दोहोंच्या मध्ये दोन-तीन बोटांचा फिकट पोपटी भाग असतो. तो मला सर्वांत आवडतो. तिथे पाने अजून एकमेकांत गुंडाळलेली असतात. कापलात तर एकात एक कडी दिसते, चव पांढऱ्याची आणि मऊपणा हिरव्याचा. पुस्तक त्याबद्दल काही सांगत नसेल तर कच्च्या पदार्थात तो हिरव्याबरोबर घाला, शिजवायच्या पदार्थात पांढऱ्याबरोबर. नेमकी रेघ शोधत बसू नका. काडी बोटांत दाबून बघा. घट्ट लागते तोवर पांढरा, पोकळ दबायला लागली की हिरवा.

चिरताना सुरीला धार हवी. बोथट सुरी पात चिरडते. कांद्याच्या पेशीत गंधकाची संयुगे एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्यात. पेशी चिरडली की दोन्ही एकत्र येतात आणि उग्र वास सुटतो. जितकी चिरड जास्त तितका उग्रपणा जास्त. चिरून झाल्यावर कच्चे तुकडे तिखट वाटले तर गार पाण्यात दहा मिनिटे ठेवून निथळा. पांढऱ्या भागाच्या उभ्या बारीक काड्या करून बर्फाच्या पाण्यात टाकल्या तर त्या कुरळ्या होतात. आतला मऊ भाग पाणी पिऊन फुगतो, बाहेरची साल तितकी ताणत नाही, म्हणून काडी वळते. मुलांना हे करून दाखवा.

आणि 'चार' या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. मध्यम स्कॅलियन साधारण 15 ग्रॅमचा धरतात. तुमची जुडी पेन्सिलीएवढी बारीक असेल तर सहा घ्या, बोटाएवढी जाड असेल तर दोन पुरतील.

प्रश्न: एका ऑस्ट्रेलियन पुस्तकात बघून मी सॅलड केले. त्यात 'सहा शॅलट आडवे बारीक चिरून वरून पेरा' असे होते. मी शॅलट म्हणून मिळणारे तांबूस सालीचे छोटे कांदे आणले, सहा सोलले आणि चिरून पेरले. कोणालाही दुसरा घास घेववला नाही. माझे काय चुकले?

उत्तर: तुमचे काही चुकले नाही, आणि तो पदार्थ तुम्ही पुन्हा करावा अशी माझी मनापासून विनंती आहे. ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत हिरव्या पातीच्या सरळ कांद्यालाच शॅलट म्हणतात. कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातही तसेच आहे. तिथले 'एशालोत' हे नाव पुष्कळदा हिरव्या पातीलाच लागते. तुमच्या पुस्तकाला सहा कोवळ्या काड्या हव्या होत्या. तुम्ही तितकेच सुके, पक्व, तिखट कांदे कच्चे घातलेत.

हा घोळ आजचा नाही. स्कॅलियन आणि शॅलट हे दोन्ही शब्द एकाच गावाच्या नावावरून आले आहेत. भूमध्य समुद्राच्या काठचे अस्कलोन, म्हणजे आताच्या इस्रायलमधले अश्कलोन. रोमन लोक एका प्रकारच्या कांद्याला 'अस्कलोनचा कांदा' म्हणत. त्या एका नावाच्या दोन फांद्या झाल्या आणि वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या भाज्यांवर जाऊन बसल्या.

पुढच्या वेळी शब्दापेक्षा कृती वाचा. 'जुडी' असे माप असेल, 'मुळ्या काढा' असे म्हटले असेल, 'शेवटी पेरा' असे असेल, तर हिरवी पात. 'सोला', 'बारीक चिरून लोण्यात मऊ करा', 'व्हिनेगरमध्ये भिजवा' असे असेल, तर सुका शॅलट. खरा सुका शॅलट ओळखायचा असेल तर आडवा कापा. लहान कांद्यात सगळी वर्तुळे एकाच मध्याभोवती असतात. शॅलटमध्ये एका सालीखाली बहुधा दोन-तीन वेगळे गाभे निघतात, लसणाच्या पाकळ्यांसारखे शेजारी शेजारी.

प्रश्न: मला मोठ्या, जाड स्कॅलियनची जुडी मिळाली. घरी आल्यावर मैत्रीण म्हणाली की हा लीक आहे. एकाऐवजी दुसरा चालेल का?

उत्तर: मैत्रिणीला विचारण्याआधी एक पान मोडून बघा. कांद्याची पात पोकळ नळी असते, फुंकर घातली तर आरपार जाते. लीकचे पान चपटे, जाड, मध्ये दुमडलेले, पुस्तक अर्धे उघडावे तसे. आत पोकळी नाही. बुंध्यापासून वर पाने दोन्ही बाजूंना आळीपाळीने पंख्यासारखी फुटतात. एकदा पाहिलेत की दुसऱ्यांदा चुकणार नाही.

एकाऐवजी दुसरा, हे शिजवायच्या पदार्थात एका दिशेने चालते. लीकऐवजी स्कॅलियनचा पांढरा भाग वजनाने तितकाच घ्या. एका मध्यम लीकचा निवडलेला भाग 90 ग्रॅमपर्यंत भरतो, म्हणजे तुम्हाला चांगली जाड जुडी लागेल. पण कच्च्या स्कॅलियनच्या जागी लीक कधीही घालू नका. हे मी अनुभवाने सांगते. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी उमेदवारी करत होते. वरिष्ठांनी नितळ सूपवर पेरायला स्कॅलियन चिरून मागितला. शीतपेटीत लीक पडला होता. मला दोन्हींत फरक ठाऊक नव्हता. मी त्याची गडद हिरवी पाने केसासारखी बारीक चिरून दिली. दिसायला सुंदर दिसत होते. वाडगे परत आले तेव्हा प्रत्येकाच्या काठाला चावून चावून काढून ठेवलेले हिरवे धागे होते. वरिष्ठ रागावले नाहीत. त्यांनी एक स्कॅलियन आणि एक लीक माझ्या हातात दिला आणि दोन्ही कच्चे चावायला लावले. लीकच्या पानाचे धागे दाताखाली राहिले ते मला आजही आठवतात.

लीक मंद आचेवर, झाकण ठेवून, लोण्यात किंवा तेलात दहा-पंधरा मिनिटे शिजू द्या. तेव्हा तो रेशमासारखा मऊ होतो आणि इतका गोड की कांदा त्याच्या जवळपास येत नाही. बुंधा लांब पांढरा राहावा म्हणून वाढताना त्याच्याभोवती माती चढवतात, ती पानांच्या मधे अडकते. नुसते वरून धुऊन चालत नाही. उभा दुभागा, पानांची टोके खाली धरा आणि वाहत्या पाण्यात पाने पत्त्यांसारखी चाळा.

प्रश्न: चाइव्ह्ज म्हणजे बारीक स्कॅलियनच ना? आणि गार्लिक चाइव्ह्ज, लसणाची पात यांचे काय?

उत्तर: चाइव्ह्ज ही वेगळी जात आहे, तिला वापरण्याजोगे पांढरे बूड नसते. जमिनीलगत कापलेल्या, सुतळीएवढ्या बारीक पोकळ काड्या मिळतात, मुळ्यांशिवाय. फूल जांभळे येते आणि तेही खाता येते. हिचा वास फार नाजूक. शिजवला की संपला. म्हणून कात्रीने बारीक कातरून वाढायच्या क्षणी घाला, उकडलेल्या बटाट्यावर, अंड्यावर, मऊ चीजमध्ये. नाही मिळाली तर स्कॅलियनच्या गडद हिरव्या टोकाचे अगदी बारीक तुकडे घ्या, पण माप निम्मे करा.

बाकीच्यांसाठी बोटांची एक परीक्षा आहे. पान अंगठा आणि तर्जनीत धरून गोल फिरवा. गोल फिरले तर कांदा किंवा चाइव्ह्ज. फिरलेच नाही, फितीसारखे चपटे राहिले तर गार्लिक चाइव्ह्ज, कोवळा लसूण किंवा लीक. मग चुरगाळून वास घ्या. लसणाचा वास आणि सपाट, अरुंद, गवतासारखे पान म्हणजे गार्लिक चाइव्ह्ज. फूल आलेच तर पांढरे. लसणाचा वास आणि मध्ये दुमडीची रेघ, खाली पांढरी दांडी म्हणजे कोवळा लसूण. लसूण नाही, सौम्य कांदा आणि पान दोन बोटे रुंद, तर लीक. गार्लिक चाइव्ह्ज आणि लसणाची पात दोघींना आच सोसते, साध्या चाइव्ह्जला नाही.

प्रश्न: टोपलीतल्या कांद्यांना हिरवे कोंब आले आहेत. त्यांना पात म्हणून वापरू का?

उत्तर: वापरा. कांदा घट्ट असेल, बुरशी किंवा पाणी सुटलेले नसेल तर काही हरकत नाही. कोंब जरा कडवट असतो, म्हणून कच्चा घालण्यापेक्षा परतून घाला. कोंबाने साठा ओढून घेतल्याने कांदा मात्र मऊ आणि फिका होतो, त्याची आधीची चव येणार नाही.

जाता जाता, जुडी टिकत नाही अशी तक्रार तीन पत्रांत आहे. रबर लगेच काढा, पिवळी पाने काढा, न धुता ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर राहते.

प्रश्न: स्कॅलियनची मुळे पाण्यात ठेवून मी पात पुन्हा फुटवली आणि चाइव्ह्जच्या कुंडीत लावली. आता त्यात तसल्याच दिसणाऱ्या, पण जरा जाड आणि गडद पाती आल्या आहेत. कुंडीत पूर्वी रेन लिली हे कंदाचे फुलझाड होते. त्या खाता येतील का? घरात कुत्राही आहे.

उत्तर: आज खायला काहीही तोडू नका. रेन लिलीची पाने आणि कंद विषारी असतात आणि कोवळेपणी ती कांद्याच्या कुळातल्या पातीसारखीच दिसतात. डॅफोडिल या फुलझाडाचे कंद कांदा समजून शिजवल्याने लोकांना विषबाधा झाल्याचे प्रकार घडले आहेत. कांद्याच्या कुळातले पान चुरगाळले की कांद्याचा किंवा लसणाचा वास येतोच. वास नाही, तर ते खायचे नाही. पण इथे एक चूक हमखास होते. पहिले पान खरे चाइव्ह्जचे चुरगाळले की बोटांना वास राहतो आणि पुढचे प्रत्येक पान कांद्याचेच वाटते. म्हणून संशयित पान आधी घ्या, दर पानानंतर हात साबणाने धुवा आणि शक्यतो पान कागदात धरून चुरगाळा.

कुत्र्याला तर तुमच्या खऱ्या चाइव्ह्जपासूनही लांब ठेवा. कांदा, लसूण, लीक, चाइव्ह्ज यांतले काहीही कुत्र्या-मांजरांना चालत नाही, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

एवढे करूनही शंका राहिली तर फुलाची वाट बघा. कांद्याच्या कुळात एका दांडीच्या टोकाला पातळ पापुद्र्यातून पुष्कळ छोट्या फुलांचा गुच्छ निघतो. रेन लिलीला एका दांडीवर एकच फूल येते. तोवर चाइव्ह्जची नवी जुडी दुसऱ्या मातीत लावा आणि ही कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हलवा.